८ जीबी रॅम आणि १८० जीबी डेटा: सॉर्ट कसा करावा?

पैनगंगा_काठ (नांदेड)

नमस्कार मंडळी. वीजमीटरच्या वर्षभराच्या नोंदी आहेत. मीटर सुमारे २ लाख, दर अर्ध्या तासाला एक नोंद, म्हणजे मीटरमागे दिवसाला ४८. रोजची एक सीएसव्ही फाईल, साधारण ५०० एमबीची. अशा ३६५ फायली, मिळून १८० जीबी. ओळ सरासरी ५२ बाइटची: मीटर क्रमांक, तारीख-वेळ, उपविभागाचा कोड, युनिट. फायलीत नोंदी वेळेप्रमाणे पडल्यात. मला त्या मीटरप्रमाणे हव्यात, आणि एका मीटरच्या आत वेळेप्रमाणे.

मशीन ८ जीबी रॅमचं, चार कोअर, उबुंटू. २४० जीबीचा एसएसडी, सिस्टीम त्यावरच, मोकळे ७० जीबी. शिवाय २ टीबीची साधी हार्डडिस्क. डेटा तिच्यावरच आहे आणि तो सोडून ६०० जीबी मोकळे आहेत. सगळ्या फायली एकत्र करून सॉर्ट कमांडला दिल्या की काही वेळाने ‘डिस्कवर जागा नाही’ म्हणून थांबते. ६०० जीबी मोकळे असताना जागा नाही म्हणजे काय?

दुसरं म्हणजे लाइटचा भरवसा नाही. इन्व्हर्टर अर्धा तास ओढतो, पुढे मशीन बंद. मधेच बंद पडलं तर पहिल्यापासून करावं लागू नये.

आणखी एक छोटी यादी आहे, ग्राहकांची. ती गाव आणि नाव अशी मराठी अक्षरक्रमाने लावायची आहे. तिथे क्रम विचित्र येतोय: ‘कळंब’ आधी आणि ‘कवठा’ नंतर, आणि काही ‘ॲड.’वाली नावं पार तळाला.

बालाघाट (बीड)

आधी जागेचं. रॅममध्ये न मावणारा डेटा सॉर्ट कमांड तुकड्या-तुकड्याने रॅममध्ये घेते, प्रत्येक तुकडा लावून तात्पुरत्या फायलीत ठेवते आणि शेवटी सगळे तुकडे मर्ज करते, म्हणजे क्रम राखून एकत्र मिसळते. या तात्पुरत्या फायली, वेगळं सांगितलं नसेल तर, टीएमपी फोल्डरमध्ये जातात. तुमचा टीएमपी एसएसडीवर आहे. तिथले ७० जीबी भरले की कमांड थांबणारच, हार्डडिस्कची मोकळी जागा ती बघतही नाही. मोठ्या टीचा पर्याय देऊन तात्पुरत्या फायली हार्डडिस्कवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये पाठवा. जागेचा हिशोब असा: मूळ १८०, तात्पुरत्या १८०, निकाल १८०. तुम्हाला वरचे ३६० लागतील, ६०० आहेत, म्हणजे बसतं. फेडोरासारख्या काही लिनक्सवर टीएमपी मुळात रॅममध्येच असतो, तिथे हा घोळ आणखी वाईट होतो. तिथे या फायली रॅमच खातात.

आता वेळेचं. इथे खर्च तुलनांपेक्षा डेटा किती वेळा डिस्कवरून जातो-येतो याचा जास्त असतो. म्हणून एंटर दाबायच्या आधी कागदावर फेऱ्या मोजा.

पहिली फेरी: १८० वाचायचे, तुकडे करून १८० लिहायचे. दुसरी फेरी, म्हणजे मर्ज: १८० वाचायचे, १८० लिहायचे. एकूण ७२० जीबी. साधी हार्डडिस्क सलग कामात १२० एमबी प्रतिसेकंद धरली तर ६,००० सेकंद, १ तास ४० मिनिटं. एकाच डिस्कवर वाचन आणि लेखन दोन्ही असल्याने हेड (डिस्कचा वाचणारा-लिहिणारा भाग) इकडून तिकडे फिरतं, तेव्हा प्रत्यक्षात अडीच-तीन तास धरा.

तुकडे किती पडतील? बफरसाठी, म्हणजे डेटा रॅममध्ये धरायच्या जागेसाठी, मोठ्या एसच्या पर्यायाला ४ जीबी द्या. ८ जीबीच्या मशीनवर ६-७ देऊ नका. ब्राउझर उघडा राहिला तरी स्वॅप (रॅम अपुरी पडून डिस्क वापरणं) सुरू होतो, आणि एकदा स्वॅप सुरू झाला की वरचा सगळा हिशोब वाया. या ४ जीबीत ४ जीबी मजकूर मावत नाही, कारण प्रत्येक ओळीमागे पॉइंटर (ओळीच्या जागेचा पत्ता), लांबी, कीची (ज्या भागावरून क्रम लावायचा त्याची) सुरुवात-शेवट असं बरंच काही ठेवावं लागतं. ५२ बाइटच्या आखूड ओळींसाठी मजकूर २ जीबीच्या आसपासच बसतो. म्हणजे साधारण ९० तुकडे.

इथेच बहुतेकांचा एक तास वाया जातो. जीएनयू सॉर्ट, म्हणजे लिनक्सवरची हीच कमांड, वेगळं सांगितलं नसेल तर एका वेळी १६ च फायली मर्ज करते. ९० तुकडे असले की आधी १६-१६ चे गठ्ठे, मग त्या गठ्ठ्यांचं मर्ज, असं करत बराचसा डेटा आणखी एकदा लिहिला-वाचला जातो. पूर्ण जादा फेरी म्हणजे ३६० जीबी, ५० मिनिटं. बॅच-साइझचा पर्याय १०० ठेवला की एकाच मर्जमध्ये काम होतं. उघड्या फायलींची मर्यादा लिनक्सवर सहसा १०२४ असते, त्यामुळे १०० ला अडचण नाही.

मग सरसकट हजार का ठेवू नये? कारण बफर सगळ्या तुकड्यांत वाटला जातो. ९० तुकड्यांना ४ जीबी म्हणजे प्रत्येकी ४५ एमबी, एका दमात वाचायला एक तृतीयांश सेकंदाहून जास्त. हेड नव्या जागी न्यायला १० मिलिसेकंद, ते नगण्य. पण हेच मर्ज स्वतःच्या प्रोग्रामने केलं आणि प्रत्येक फाईल ६४ केबी-६४ केबी करून वाचली, तर १८० जीबीसाठी साडेसत्तावीस लाख वेळा हेड हलतं. गुणिले १० मिलिसेकंद: साडेसात तास फक्त हेड हलवण्यात. डिस्क तीच आणि तुलनाही तेवढ्याच. फरक फक्त एका वेळी किती उचललं याचा. एसएसडीवर ही शिक्षा फार कमी होते, पण बफर मोठा असलेला तिथेही बरा.

बाकी पर्याय:

एलसी_ऑल (लोकेलची, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग) ला ‘सी’ द्या. मग तुलना थेट बाइटची होते. लोकेलप्रमाणे तुलना होऊ दिली तर वेळ कित्येक पट वाढतो.

की नीट सांगा. वेगळेपणाचं चिन्ह स्वल्पविराम आणि की ‘१,१’ अशी. नुसतं ‘१’ लिहिलं तर पहिल्या रकान्यापासून ओळीच्या शेवटापर्यंत सगळी ओळ की धरली जाते. तुमच्या बाबतीत मीटर क्रमांक सगळे सारख्याच लांबीचे असतील आणि तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असेल, तर कीची गरजच नाही. अख्खी ओळ बाइटप्रमाणे लावली तरी हवा तोच क्रम येतो आणि सगळ्यात वेगाने येतो. तारीख दिवस-महिना-वर्ष असेल तर आधी उलटवून घ्या, नाहीतर १ जानेवारीच्या मागे १ फेब्रुवारी येऊन बसेल.

पाइपने (एका कमांडचा निकाल थेट दुसरीला जोडून) डेटा देत असाल तर बफरचा आकार स्वतः सांगाच. पाइपमधून किती येणार हे कमांडला कळत नाही, ती लहान बफर धरते आणि तुकड्यांचा पाऊस पडतो.

तात्पुरत्या फायली दाबून ठेवायचा पर्याय आहे. त्याला एलझेड४ किंवा झेडस्टँडर्ड द्या. जीझिप दिलं तर डिस्कऐवजी प्रोसेसर अडून बसतो. मात्र मर्जच्या वेळी दर तुकड्यामागे उलगडणारी एक वेगळी प्रोसेस चालते, म्हणजे ९० प्रोसेस. रॅमचा हिशोब करताना त्या विसरू नका.

मांजरा_तीर (लातूर)

बालाघाट सरांचा हिशोब बरोबर आहे, पण लाइटचा मुद्दा त्यात सुटत नाही. सॉर्ट कमांड मधेच मेली की तिच्या तात्पुरत्या फायली पुढच्या वेळी कामाला येत नाहीत. पुन्हा शून्यापासून.

पैनगंगा भाऊ, तुमच्या फायली मुळात तुकडे पाडूनच आल्यात, त्या जोडू नका. ५०० एमबीची एक फाईल दीड जीबी बफरमध्ये आरामात लागते. एकेक दिवस घ्या, लावा आणि वेगळ्या फोल्डरमध्ये ‘अपूर्ण’ असं शेपूट जोडलेल्या नावाने लिहा. लिहून झालं, सिंक झालं (डेटा खरोखर डिस्कवर पोचला), की मगच नाव बदलून पक्कं करा. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एकच तपासणी ठेवा: पक्क्या नावाची फाईल असेल तर तो दिवस सोडून पुढे. लाइट गेली तर फार तर एका दिवसाची फाईल वाया जाते, म्हणजे दोन-चार मिनिटं. सिंकशिवाय नाव बदललं तर लाइट आल्यावर पक्क्या नावाची पण रिकामी किंवा अर्धी फाईल सापडू शकते, म्हणून ती पायरी गाळू नका.

मर्जचं काय, तर तेही तोडता येतं. रोजची फाईल लावून झाल्यावर ती मीटर क्रमांकाच्या ८ पट्ट्यांत कापा, दर दिवशी त्याच ठिकाणी. मग एकेका पट्टीच्या ३६५ फायली फक्त मर्ज करायच्या (छोट्या एमचा पर्याय; तो पुन्हा सॉर्ट करत नाही), बॅच-साइझ ३६५ किंवा वर. प्रत्येक फाईलला ४ जीबीतले ११ एमबी येतात, हार्डडिस्कला तेवढं पुरतं. एक पट्टी साडेबावीस जीबीची, लाइट गेली तर तेवढीच पुन्हा. पट्ट्या आधीच क्रमाने असल्याने आठही निकाल एकामागे एक ठेवले की काम झालं, त्यांचं पुन्हा मर्ज नको.

पट्ट्या कुठे कापायच्या हे अंदाजाने ठरवू नका. मीटर क्रमांक एकसारखे पसरलेले नसतात. एकाच कंपनीचे, एकाच खेपेचे मीटर एकाच मालिकेत येतात, मग एका पट्टीत अर्धा डेटा आणि दुसरी रिकामी असं होतं. एका दिवसाची लावलेली फाईल घ्या, तिच्या एक-अष्टमांश, दोन-अष्टमांश अशा जागी जे क्रमांक दिसतात तिथे कापा.

आणि सुरू करण्याआधी चार गोष्टी बघा. ३६५ फायलींत ३६५ शीर्षकाच्या ओळी असतील, त्या काढा. विंडोजवरून आलेल्या फायलींत ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर असतं, ते काढा. फाईलच्या अगदी सुरुवातीला न दिसणारं बीओएम चिन्ह असेल तर पहिली ओळ भलतीकडेच जाते. मधे कुणी एक्सेलमध्ये फाईल उघडून सेव्ह केली असेल तर मीटर क्रमांकाची पुढची शून्यं गेलेली असतात, किंवा क्रमांकच घातांकात गेलेला असतो. घातांकातला क्रमांक परत मिळत नाही, मूळ फाईलच मागवा.

बाहेरच्या यूएसबी डिस्कवर काम करणार असाल तर ती एफएटी३२ ने फॉरमॅट केलेली नाही ना, हे बघा. तिच्यावर ४ जीबीच्या वरची एकही फाईल लिहिता येत नाही, आणि साडेबावीस जीबीची पट्टी ४ जीबीला अडकते.

खडकपूर्णा (जालना)

वरची दोन्ही उत्तरं सर्वसाधारण डेटासाठी आहेत आणि बरोबर आहेत. पण हा डेटा बघून मला सॉर्टच करावंसं वाटत नाही. २ लाख मीटर, वर्षाला १७,५२० अर्धे तास, प्रत्येक खान्यात एक आकडा. हा भरगच्च तक्ता आहे. आत्ता तो वेळेच्या रांगांनी आहे, तुम्हाला मीटरच्या रांगांनी हवा. म्हणजे तक्ता आडव्याचा उभा करायचा, बस. कोणती नोंद कुठे जाणार हे तुलना न करताच माहीत आहे: मीटरचा अनुक्रम गुणिले १७,५२० अधिक अर्ध्या तासाचा अनुक्रम.

५२ बाइटच्या ओळीतला खरा माल किती, ते बघा. उपविभागाचा कोड मीटरला बांधलेला आहे, तो वेगळ्या यादीत एकदाच. मीटर क्रमांक आणि वेळ जागेवरूनच कळतात. उरतं फक्त युनिट. ते वॅट-तासांत पूर्णांक करून ४ बाइटमध्ये ठेवा. २ लाख गुणिले १७,५२० गुणिले ४ म्हणजे १४ जीबी. १८० चे १४ झाले.

करायचं असं. पहिल्यांदा फक्त वेगवेगळे मीटर क्रमांक गोळा करून लावा. २ लाख क्रमांक रॅममध्ये सहज मावतात. मग रोजची सीएसव्ही वाचून २ लाख गुणिले ४८ चा तक्ता रॅममध्ये भरा, ३८ एमबीचा, मीटरच्या क्रमाने, आणि तो बायनरी लिहा. ३६५ बायनरी फायली झाल्या. पुढे ५०,००० मीटरचा एक गट घ्या. प्रत्येक रोजच्या फाईलमध्ये त्या गटाचा भाग सलग ९.६ एमबीचा आहे. ३६५ फायलींतून तो उचलला की साडेतीन जीबी, रॅममध्ये मावतो. तिथे नीट मांडा, लिहा, पुढचा गट. असे चार गट. डिस्कवर एकूण: १८० वाचले, १४ लिहिले, १४ वाचले, १४ लिहिले. मीटर क्रमांक गोळा करायला एक वेगळी वाचनाची फेरी धरली तरी ४०० च्या आसपास. ७२० च्या निम्म्याजवळ आलो, आणि पहिल्या वाचनानंतरचं जवळपास सगळं तुमच्या ७० जीबी मोकळ्या एसएसडीवर करता येतं.

बालाघाट (बीड)

पद्धत चोख आहे, पण डेटाही तसाच चोख असेल असं धरून चाललात. मीटरचं घड्याळ पुढेमागे असतं, १०:३० ची नोंद १०:२९:५८ ची येते. नेटवर्क नसेल तर तीच नोंद दोनदा येते. दुसऱ्या दिवशीच्या फाईलमध्ये कालची नोंद सापडते. सॉर्टमध्ये हे सगळं निदान शेजारी-शेजारी दिसतं. तुमच्या तक्त्यात दुसरी नोंद पहिलीवर गुपचूप लिहिली जाईल.

खडकपूर्णा (जालना)

मान्य, म्हणून तीन नियम पाळायचे. वेळ जवळच्या अर्ध्या तासाला आणायची. खाना आधीच भरलेला असेल तर नवी नोंद वर न लिहिता अपवादांच्या वेगळ्या फाईलमध्ये टाकायची, आणि त्या दिवसाच्या बाहेरची नोंदही तिथेच. ही फाईल लहान राहते, ती साध्या सॉर्टने लावून बघता येते. ती मोठी होऊ लागली तर समजा की डेटा तक्त्यासारखा नाही, आणि मांजरा_तीर यांच्या वाटेने जा.

तिसरा नियम सगळ्यात महत्त्वाचा: रिकाम्या खान्यात शून्य ठेवू नका. लाइट नसताना वापर खरोखरच शून्य असतो. ‘नोंद आली आणि शून्य होती’ आणि ‘नोंद आलीच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तक्ता सुरुवातीला उणे १ ने भरा. नाहीतर नेटवर्क नसलेली गावं अंधारात होती असा निष्कर्ष निघेल.

लीप वर्षाचा डेटा असेल तर अर्धे तास १७,५६८ होतात, हेही लक्षात असू द्या.

मोंढा_नाका (परभणी)

कुणी पोस्टग्रेस डेटाबेस सुचवण्याआधी एक हिशोब. त्यात प्रत्येक ओळीमागे हेडर आणि पॉइंटर मिळून २८ बाइट जातात. ३५० कोटी ओळी म्हणजे ९८ जीबी नुसता वरखर्च, डेटा वेगळा, इंडेक्स वेगळा. तरीही डेटा आधीच तिथे असेल तर वर्क_मेम (सॉर्टला मिळणाऱ्या रॅमची सेटिंग) वाढवा. मुळात ते ४ एमबी असतं, आणि ते प्रत्येक सॉर्टला, प्रत्येक वर्करला वेगळं मिळतं, म्हणून ८ जीबीच्या मशीनवर सरळ ४ जीबी देऊ नका. एक्स्प्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी कशी चालली ते दाखवणारी आज्ञा) ‘एक्स्टर्नल मर्ज’ आणि शेजारी डिस्कचा आकडा दिसला की सॉर्ट रॅमबाहेर गेला असं समजा.

पण त्याहीआधी सांगा, मीटरप्रमाणे लावून पुढे करायचं काय? दर मीटरची महिन्याची बेरीज हवी असेल तर क्रम लागतच नाही. २ लाख मीटर गुणिले १२ महिने म्हणजे २४ लाख बेरजा, रॅममध्ये मावतात. फायली एकदा वाचा, बेरीज करत जा. १८० जीबी एकदा वाचायला २५ मिनिटं.

पैनगंगा_काठ (नांदेड)

बेरीज नाही सर, प्रत्येक मीटरचा वर्षभराचा आलेख बघून अचानक पडलेला वापर शोधायचा आहे, म्हणजे सलग मालिकाच लागते. खडकपूर्णा दादांची वाट घेतो, अपवाद फार निघाले तर पट्ट्यांची. निकाल बरोबर आला हे कसं तपासू?

मांजरा_तीर (लातूर)

तीन तपासण्या, लागू होतील त्या सगळ्या करा. एक, ओळींची संख्या: आधीच्या सगळ्या फायलींची बेरीज आणि नंतरची. तक्त्याच्या वाटेने गेलात तर भरलेले खाने अधिक अपवाद. दोन, युनिटच्या रकान्याची बेरीज, आधी आणि नंतर. क्रम बदलला तरी बेरीज बदलत नाही, पण ओळ हरवली की लगेच कळते. बेरीज पूर्णांकात करा, दशांशात केली तर क्रम बदलल्यानेही शेवटचे अंक हलतात. तीन, पट्ट्यांच्या वाटेने गेलात तर निकालावर छोट्या सीचा पर्याय. तो क्रम तपासतो आणि पहिल्या चुकीच्या ओळीवर थांबून ती दाखवतो. एलसी_ऑल इथेही ‘सी’च हवा. सॉर्ट एका लोकेलमध्ये आणि तपासणी दुसऱ्यात केली तर बरोबर फाईलही चुकीची ठरते.

मूळ फायली या तपासण्या जुळेपर्यंत उडवू नका.

वेरूळ (छत्रपती संभाजीनगर)

ग्राहकांच्या यादीबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. तुमच्या यादीत बिघाड नाही. बाइटप्रमाणे लावली की क्रम युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला ठरवून दिलेल्या) क्रमांकांचा येतो, बाराखडीचा नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’ यांच्यामध्ये बसवलाय, आपल्या वर्णमालेत तो ‘ह’ नंतर येतो. म्हणून कळंब आधी, कवठा नंतर. ‘क्ष’ म्हणजे क, हलन्त आणि ष, त्यामुळे क्षीरसागर हे ‘कौ’ संपल्यावर आणि ‘ख’ च्या आधी येतात. ‘ज्ञ’ चंही तसंच, ज्ञानेश्वर ‘झ’ च्या आधी. आपल्याला हे दोन्ही पार शेवटी हवेत.

‘ॲड.’ चं कारण वेगळं आहे. ‘ॲ’ दोन प्रकारे लिहिला जातो. एक, अ आणि त्यावर चंद्र, अशी दोन चिन्हं. दुसरा, स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं आणि ज्याचा क्रमांक देवनागरी अंकांच्याही पुढे आहे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिला यादीच्या सुरुवातीला जातो आणि दुसरा तळाला. ‘वऱ्हाडे’ मधला अर्धा र सुद्धा असाच दोन प्रकारांनी टाइप होतो, त्यातल्या एकात न दिसणारं जोडचिन्ह असतं. एकच आडनाव दोन ठिकाणी विखुरतं.

उपाय: मूळ नावाला हात लावू नका, शेजारी क्रमासाठी एक वेगळा रकाना करा. त्या रकान्यात आधी दोन्ही ‘ॲ’ एकाच रूपात आणा, अर्ध्या र ची दोन्ही रूपं एक करा, आणि बाकीची न दिसणारी चिन्हं, जादा स्पेस काढा. मग प्रत्येक अक्षराला आपल्या वर्णमालेतला दोन अंकी क्रमांक द्या. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरं आधी ओळखून त्यांना ‘ह’, ‘ळ’ नंतरचे क्रमांक द्या. ती आधी ओळखली नाहीत तर क चा क्रमांक लागून जातो. आता हा रकाना बाइटप्रमाणे लावा आणि शेवटी काढून टाका. हीच युक्ती यादी १८० जीबीची असती तरी चालली असती, कारण मर्जमध्ये तुलना साध्या बाइटचीच राहते. फक्त रकान्याने ओळ किती फुगते ते मोजा: देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, दोन अंकी क्रमांक २, म्हणजे नावाच्या दोन-तृतीयांश वाढ.

आणि जिल्ह्याचा रकाना असेल तर आधी तो बघा. २०२३ च्या नामांतरानंतरच्या नोंदींत धाराशिव आणि जुन्यांत उस्मानाबाद असेल, तसंच छत्रपती संभाजीनगर आणि औरंगाबाद. दोन्ही एका नावाखाली आणल्याशिवाय लावलं तर एकाच गावचे ग्राहक यादीत दोन टोकांना जातील.